डिलाईल रोडवर परदेशी विद्यार्थी: होस्ट फॅमिलीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिलाईल रोडवर परदेशी विद्यार्थ्याला काही महिने घरी ठेवण्याचा विषय काढला, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "अहो, आमच्याकडे जागा कुठे आहे?" मग येतं, "आम्हाला इंग्रजी कुठे बोलता येतं?" आणि शेवटी, जरा आवाज खाली करून, "पोलिसांची काही भानगड नाही ना होणार?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परक्या देशातलं सोळा-सतरा वर्षांचं पोर घरात घ्यायचं, तर घरच्यांनी दहा वेळा विचार करायलाच हवा. मात्र तो विचार ऐकीव गोष्टींवर होऊ नये. यजमान कुटुंबं शोधण्याचं, विद्यार्थ्याशी त्यांची जोडी जमवण्याचं आणि पुढे दोघांच्या पाठीशी राहण्याचं काम समन्वयक म्हणून करताना जे गैरसमज वारंवार कानावर येतात, ते इथे एकेक करून घेतले आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. तरुणांनी परदेशात जाऊन हॉटेलात न उतरता तिथल्या कुटुंबात राहावं, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' हा उपक्रम सुरू केला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या स्वयंसेवकांच्या 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस'ने १९४७ पासून शाळकरी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. तीच आजची एएफएस. रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रमही अनेक दशकं चालू आहे. एएफएस आणि रोटरी या दोन्ही संस्थांचं काम मुंबईत आहे. रोटरीच्या रचनेत मुंबईचा ३१४१ हा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट आहे. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी साधारण एक शैक्षणिक वर्ष राहतो, अल्प मुदतीचा काही आठवडे. हे काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतं.

गैरसमज १: मोठं घर आणि स्वतंत्र खोली असल्याशिवाय विद्यार्थी ठेवता येत नाही.

वस्तुस्थिती: विद्यार्थ्याला स्वतःचा पलंग किंवा अंथरूण लागतं, स्वतंत्र खोली लागतेच असं नाही. साधारण त्याच वयाच्या मुलग्याबरोबर मुलाने आणि मुलीबरोबर मुलीने खोली वाटून घेतलेली चालते. त्याशिवाय तीन गोष्टी पाहिल्या जातात: कपडे बदलायला आणि अंघोळीला पुरता आडोसा, सामान ठेवायला कुलपाचं एक कपाट किंवा खण, आणि अभ्यासाला बसता येईल असा कोपरा.

आता डिलाईल रोडची गोष्ट सरळच सांगायला हवी. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळी मुंबईत २०७. त्यांतल्या वरळीला १२१, नायगावला ४२, शिवडीला १२ आणि ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आपल्या डिलाईल रोडवर, ३२. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. अशा खोलीत पाच माणसं राहत असतील, तर वर्षभरासाठी विद्यार्थी ठेवू नये. समन्वयकाने तसा आग्रह धरणं त्या कुटुंबावर आणि विद्यार्थ्यावरही अन्याय आहे. पण चाळीत राहणाऱ्यांचा या कामाशी संबंधच नाही, असं यातून निघत नाही. रात्रीच्या मुक्कामाशिवायही यजमानपण करता येतं. शनिवारी जेवायला बोलावणं, सणाला दिवसभर आपल्यात घेणं, शेजारच्या इमारतीत उतरलेल्या विद्यार्थ्याला लोकलचा प्रवास शिकवणं, या गोष्टी तो घरी परतल्यावरही सांगत राहतो. शिवाय आपला भाग बदलतो आहे. बीडीडी पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळायचं आहे आणि वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ते मिळालंही. दोन खोल्यांच्या घरात एक जादा पलंग नीट बसतो.

गैरसमज २: घरात फाडफाड इंग्रजी बोलणारं कोणी हवं.

वस्तुस्थिती: येणारी मुलं इटली, जर्मनी, ब्राझील, जपान, थायलंड अशा कुठल्याही देशातली असू शकतात. त्यांच्यातल्या अनेकांचं इंग्रजी आपल्या शाळेतल्या मुलांसारखंच शिकलेलं, अडखळणारं असतं. अडीअडचणीला समन्वयकाशी फोनवर बोलू शकेल असा एक जण घरात असला की पुरतं.

मराठीतून हे जमतं याचा पुरावा पुण्यात आहे. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या कॉलेजांच्या संघाने १९६९ पासून पुण्यात भारत-अभ्यासाचा कार्यक्रम चालवला. त्यातले विद्यार्थी मराठी शिकायचे आणि मराठी कुटुंबांत राहायचे. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन कॉलेजात शिकवत, ते याच संघातलं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या मराठी वर्गाचे विद्यार्थीही पुण्यात घरगुती मुक्काम करत आले आहेत. वर्गात व्याकरण कळतं. बोलणं मात्र स्वयंपाकघरात, भाजीबाजारात आणि आजीच्या शेजारी बसूनच सुधारतं. तेव्हा ज्या घरात दिवसभर मराठी कानावर पडते, त्या घराने ही आपली उणीव समजू नये.

गैरसमज ३: यजमानाला चांगले पैसे मिळतात. किंवा उलट: सगळा खर्च यजमानाच्या डोक्यावर पडतो.

वस्तुस्थिती: शाळकरी विद्यार्थ्यांच्या रोटरी आणि एएफएस कार्यक्रमांत कुटुंबाला मोबदला नसतो. हे जाणूनबुजून ठेवलं आहे, कारण भाड्याच्या आशेने घर उघडणारी माणसं इथे नको असतात. विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या काही कार्यक्रमांत मात्र राहण्या-जेवण्याची रक्कम ठरवून दिली जाते. आपण कोणत्या प्रकारात आहोत, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं.

यजमान देतो ते दोन वेळचं जेवण, न्याहारी आणि झोपायला जागा. विमानभाडं, आरोग्यविमा, कपडे, मोबाइल आणि स्वतःच्या हौसेचा खर्च विद्यार्थ्याकडचा. रोटरीत यजमान क्लब विद्यार्थ्याला दरमहा थोडा हातखर्चही देतो. घोळ होतो तो मधल्या गोष्टींत: सगळे मिळून बाहेर जेवायला गेलो तर बिल कोण देणार, शाळेच्या सहलीचे पैसे कोणाचे, डॉक्टरची फी आधी कोणी भरायची. त्या त्या वेळी संकोचाने गप्प राहिलेली कुटुंबं पुढे मनात कुढत राहतात. म्हणून आधीच बसून हे कागदावर लिहून ठेवावं.

गैरसमज ४: पाहुणा आहे, त्याला काम कसं सांगायचं?

वस्तुस्थिती: या कार्यक्रमांचा पायाच असा की विद्यार्थी घरातला एक म्हणून राहतो. पहिले आठ दिवस कौतुकाचे ठीक. नंतरही त्याचं ताट उचललं जात असेल आणि अंथरूण दुसरं कोणी घडी करत असेल, तर महिन्याभरात घरातली बाई थकते आणि पोरालाही परकं वाटायला लागतं.

रोटरीच्या वर्तुळात पहिल्या रात्री विचारायच्या प्रश्नांची एक यादी वापरतात. आपल्या घराला लावून घेतली, तर ती अशी होते:

- तुम्हाला काय म्हणून हाक मारू? काका-काकू, आई-बाबा, की आणखी काही? आजीला वाकून नमस्कार करायचा का?
- अंघोळीची माझी वेळ कोणती? पाणी किती वापरायचं?
- चपला कुठे काढायच्या? देवघराजवळ काय पाळायचं?
- मळके कपडे कुठे टाकायचे? आतले कपडे मी स्वतः धुऊ का?
- भूक लागली तर फ्रिज उघडू का, की विचारून घेऊ?
- संध्याकाळी किती वाजेपर्यंत घरी यायचं? उशीर झाला तर कोणाला फोन करायचा?
- मित्रांना घरी आणलं तर चालेल का?

आपल्याला हे प्रश्न पोरकट वाटतील. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी महापालिकेचं पाणी पहाटे ठरावीक वेळच येतं आणि दिवसभराचं तेव्हाच भरून ठेवावं लागतं. चोवीस तास नळ वाहणाऱ्या घरातल्या मुलीला हे कोणी सांगितलंच नाही, तर ती वीस मिनिटं शॉवरखाली उभी राहणार, आणि सगळे तिला बेफिकीर ठरवणार. तिला पहाटे पिंप भरताना एकदा शेजारी उभं करा. दुसऱ्या दिवसापासून ती बादलीने अंघोळ करते आणि पिंप भरायलाही उठते.

जेवणाचंही तसंच. मासे घरात शिजत असतील तर सुक्या बोंबलाच्या वासापर्यंत सगळं आधी सांगावं. शाकाहारी घराने तेही स्पष्ट सांगावं. शेंगदाण्याची किंवा कसलीही ॲलर्जी आहे का, हे समन्वयकाने अर्जातून वाचून स्वयंपाक करणाऱ्या माणसाला स्वतः सांगायचं असतं. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं हे बाहेरच्याला कळणं शक्य नाही.

गैरसमज ५: आई-बाबा-दोन मुलं असं कुटुंबच चालतं. घरात मुलगी असेल तर मुलगा ठेवता येत नाही.

वस्तुस्थिती: निवृत्त जोडपं, मूल नसलेलं जोडपं, एकट्याने मुलं वाढवणारी आई, तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब, यांतलं कोणतंही घर यजमान होऊ शकतं. मुला-मुलींच्या झोपायच्या खोल्या वेगळ्या असल्या की बाकीचा निर्णय कुटुंब आणि समन्वयक मिळून घेतात. कुटुंबाला मनातून संकोच असेल तर तसं सांगून मुलगीच मागावी. त्यात गैर काही नाही.

घरभेट मात्र टळत नाही. ती विद्यार्थी येण्याआधी होते आणि तो राहत असतानाही होते. समन्वयक मोरीच्या दाराला आतून कडी आहे का पाहतो, झोपायची जागा पाहतो, घरातल्या प्रत्येकाशी बोलतो. फक्त कर्त्या पुरुषाने हौसेने होकार दिला आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी मान खाली घातली, तर तो होकार धरायचा नाही. काकूंना एकट्यांना विचारायचं: "हे तुम्हाला झेपेल का? तुम्हाला हवंय का?" घरातल्या मुलांनाही विचारायचं, कारण जागा त्यांचीच वाटली जाणार असते. घरातल्या सगळ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासली जाते. त्यात अपमान मानू नये. सातासमुद्रापलीकडचे आई-बाप ज्या विश्वासावर लेकरू पाठवतात, तो याच तपासणीतून उभा राहतो.

गैरसमज ६: पोलीस आणि कागदपत्रांचा ससेमिरा मागे लागतो.

वस्तुस्थिती: कागद आहेत, पण थोडे आणि ठरलेले. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. वर्षानुवर्षं लोक याला 'सी फॉर्म' म्हणत आले. हॉटेलप्रमाणे घरगुती यजमानालाही तो लागू आहे आणि ऑनलाइन भरता येतो. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. २०१८ पासून ई-एफआरआरओ पोर्टलमुळे त्यातलं बरंचसं काम घरबसल्या होतं. १९४६चा परदेशी नागरिक कायदा आणि १९३९चा नोंदणी कायदा यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५' लागू झाला आहे. कळवण्याची जबाबदारी त्यातही आहे. म्हणून जुन्या यजमानाच्या आठवणीवर न जाता पोर्टलवरचा सध्याचा फॉर्म पाहावा.

फॉर्म भरताना समन्वयकाने यजमानाच्या शेजारी बसावं. सोसायटीच्या सेक्रेटरीला विद्यार्थी यायच्या आधीच एक साधं पत्र द्यावं: कोण येणार, किती दिवस, कोणत्या संस्थेतर्फे, संपर्क कोणाशी. असं पत्र हातात असलं की जिन्यात कुजबुज होत नाही आणि वॉचमनही अडवत नाही. पासपोर्ट यजमानाने ताब्यात घेऊ नये. तो विद्यार्थ्याचा, त्याच्या कुलपातला. यजमानाने फक्त झेरॉक्स ठेवावी.

गैरसमज ७: काही झालं तर निस्तरायचं यजमानानेच.

वस्तुस्थिती: प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नेमलेला एक माणूस असतो. रोटरीत त्याला काउन्सेलर म्हणतात आणि तो यजमान कुटुंबातला असून चालत नाही. घरातल्याच कोणाबद्दल तक्रार असेल, तर ती ऐकायला बाहेरचा माणूस हवा, हे त्यामागचं कारण. याशिवाय विद्यार्थ्याला किमान तीन जणांचे संपर्क दिले जातात. त्यांत स्त्री-पुरुष दोन्ही असतात आणि यजमान घराशी त्यांचं जवळचं नातं नसतं. परदेशातल्या पालकांनी सही केलेलं वैद्यकीय संमतिपत्र आणि विम्याचे कागद आधीच आलेले असतात.

नियमही स्पष्ट असतात. रोटरीत ते चार बंदी म्हणून सांगतात: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, वाहन चालवणं नाही, प्रेमप्रकरण नाही. गणपतीला विद्यार्थ्याला कोकणात गावी न्यायचं असेल तरी परस्पर निघायचं नाही. आधी समन्वयकाला कळवायचं, परवानगी घ्यायची आणि मुक्कामाच्या नोंदीचं काय ते विचारून घ्यायचं. मुलं साधारण ऐन पावसाळ्यात येतात आणि पाठोपाठ गणेशोत्सव असतो. लालबागच्या गर्दीत त्यांना एकटं सोडू नये. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागा आधीच दाखवून ठेवावी. करी रोड आणि लोअर परळ स्टेशन, गर्दीची वेळ, पाणी तुंबल्यावर घरी कसं यायचं, हे सगळं पहिल्या आठवड्यात सोबत फिरून शिकवावं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. अठरा वर्षांखालचा विद्यार्थी भारतीय कायद्याच्या दृष्टीने बालक आहे आणि त्याला २०१२च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. "संस्थेचं नाव खराब होईल", "शेजारी काय म्हणतील" म्हणून झाकण्याची मुभा यजमानाला नाही आणि समन्वयकाला तर मुळीच नाही.

गैरसमज ८: विद्यार्थ्याने घर बदललं म्हणजे कुटुंब नापास झालं.

वस्तुस्थिती: रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात विद्यार्थी शक्यतो एकापाठोपाठ दोन-तीन घरांत राहतो, ते मुळातच तसं आखलेलं असतं. एएफएसमध्ये एकच घर असलं, तरी जमत नसेल तर बदलता येतं. माणसं चांगली असूनही वेळापत्रक जुळत नाही, घरात आजारपण येतं, स्वभाव पटत नाहीत. असं झालं तर दोष कोणावरही न टाकता घर बदलावं.

पण घराची आठवण येणं आणि घर न जमणं यांतला फरक ओळखायला हवा. सुरुवातीची नवलाई ओसरली की मूल गप्प होतं, तासन्‌तास मोबाइलवर घरी बोलतं, जेवत नाही. कुटुंबाला वाटतं, आपलंच काही चुकलं. बहुतेक वेळा ते चुकलेलं नसतं. अशा वेळी त्याच्यामागे लागून खाऊ घालण्यापेक्षा त्याला एखादं काम द्यावं, मैदानावर न्यावं, त्याच्या देशातला एखादा पदार्थ घरी करायला सांगावा. आणि समन्वयकाने महिन्यातून किमान एकदा विद्यार्थ्याशी एकट्याने बोलावं. यजमानाच्या देखत "ऑल ओके?" विचारलं तर उत्तर "ऑल ओके" असंच येणार.

गैरसमज ९: हे मलबार हिल-कफ परेडच्या लोकांचं काम. गिरणगावाचं नाही.

वस्तुस्थिती: परक्या माणसाला सामावून घेण्याचा अनुभव गिरणगावाइतका मुंबईत क्वचितच कोणाकडे असेल. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत; रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच जागी पसरे. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. ज्यांच्या नावाने हा रस्ता आज ओळखला जातो, त्या ना. म. जोशींनी १९११ मध्येच सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं होतं.

त्या खोल्या आणि खानावळी नुसत्या मायेवर चालल्या नाहीत. जेवणाची वेळ ठरलेली होती, महिन्याचा हिशेब ठरलेला होता, ट्रंक कोणाची कुठे आणि वळकटी कोणाची कुठे हे ठरलेलं होतं. म्हणूनच एवढ्याशा जागेत इतकी माणसं सलोख्याने राहू शकली. परदेशी विद्यार्थ्याचं यजमानपणही याच एका गोष्टीवर टिकतं. घराचे चौरस फूट, इंग्रजी, पैसा हे सगळं त्यानंतरचं. मुक्काम बिघडतो तो बहुधा न बोललेल्या गोष्टींमुळे: जे गृहीत धरलं, जे संकोचाने सांगायचं राहिलं, जे "त्याला कळेलच" म्हणून सोडून दिलं.

ठरवायचं असेल तर

विद्यार्थी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणून घरांचा शोध काही महिने आधी सुरू होतो. एखाद्या संस्थेचा माणूस दारात आला, तर हो किंवा नाही म्हणण्याआधी त्याला पाच गोष्टी विचारा. विद्यार्थ्याचा काउन्सेलर कोण आणि तो किती लांब राहतो? रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलेल? खर्चाची वाटणी लेखी मिळेल का? सरकारी नोंद भरायला कोण मदत करणार? आणि जमलं नाही तर दुसरं घर तयार आहे का? ज्याला याची उत्तरं देता येत नाहीत, त्याच्यामार्फत विद्यार्थी घेऊ नका, संस्था कितीही मोठी असो.

उत्तरं मिळाली, तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा, आजीला आणि धाकट्यालाही बसवा. वर्षभर नको वाटत असेल तर दोन आठवड्यांनी सुरुवात करा, तेही नको असेल तर रविवारच्या जेवणाने करा. समन्वयकाला खोटा उत्साह नको असतो. "आम्ही एवढंच करू शकतो" असं स्पष्ट सांगणारं घर त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण अशा घरात पाठवलेलं मूल तिथे नीट राहणार याची त्याला खात्री असते.